सात आठवडे

५ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. सहा वर्षांनी आलेलं पत्र चार ओळींचं, आणि त्यातली एक ओळ 'फोन करू नकोस, तुझा आवाज ऐकला की माझं डोकं फिरतं' अशी. हे फक्त तुलाच जमतं. फोन करत नाही. लिहिते.

उरलेल्या तीन ओळींतून मला समजलं ते असं. दीड वर्षापूर्वी तुला अंडाशयाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमोची सहा सलाइनं झाली. मला कळवावंसं वाटलं नाही. आता पोटात पुन्हा तीन गाठी दिसल्यात आणि डॉक्टर म्हणतायत की तेच औषध परत देऊ. त्या औषधातून एकदा वाचलेल्या पेशी दुसऱ्यांदा त्याच औषधाने मरतात का, हे तुला माझ्याकडून हवंय. 'तू रोज त्याच बघतेस ना? मग खरं सांग.'

हो, रोज त्याच बघते. सव्वीस वर्षं झाली. आडव्या ठेवलेल्या चपट्या बाटल्या असतात, त्यांना आम्ही फ्लास्क म्हणतो. तळाला पेशी चिकटून वाढतात, वर गुलाबी पाणी असतं, तेच त्यांचं खाणंपिणं. दर तिसऱ्या दिवशी जुनं पाणी काढायचं, नवं घालायचं. रविवार नाही, सुट्टी नाही. तुला हे माहीत आहे, तू यावरून मला कमी बोललेली नाहीस.

गेले अकरा महिने माझ्याकडे एकच काम आहे. कोणा अनोळखी बाईच्या अंडाशयातल्या कॅन्सरच्या पेशी घ्यायच्या आणि त्यांना तुझंच औषध द्यायचं, ते प्लॅटिनमचं. पहिल्यांदा थोडंसंच. दहातल्या नऊ मेल्या, सुटून वर तरंगायला लागल्या. उरलेल्यांना औषधाविना तीन आठवडे विसावा दिला, त्या वाढल्या. मग जरा जास्त औषध. पुन्हा मेल्या, पुन्हा उरल्या. असं करत करत निबर पेशी तयार करायच्या आणि त्या कशाने निबर झाल्या ते आमच्या मॅडम शोधणार. काही पेशी औषध आत घेतच नाहीत. काही घेतात आणि पंपाने उपसावं तसं बाहेर टाकतात. काही होऊ देतात नुकसान, आणि मग बसून सगळी दुरुस्ती करतात. काही नुसत्या पडून राहतात, वाढत नाहीत, मरत नाहीत, औषध निघून जायची वाट बघतात.

माझ्या पेशींना आता मी सुरुवातीच्या आठपट औषध देते. ढिम्म हलत नाहीत. मॅडम पाहुण्यांना माझे फ्लास्क दाखवायला आणतात.

तू खरं विचारलंस म्हणून खरं सांगते. ज्या वाचल्या त्या शिकल्या. तेच औषध परत घेऊन तुझे केस जातील, हातापायांना मुंग्या येतील आणि गाठी तिथेच राहतील. तुझ्या जागी मी असते तर नको म्हटलं असतं.

धाकटी


१६ फेब्रुवारी

ताई,

कार्ड मिळालं. 'बारा तारखेला डॉक्टरांना नाही म्हणून सांगितलं. ते नाराज झाले. आभार.' तुझ्या अक्षरात 'आभार' हा शब्द मी पहिल्यांदाच पाहिला. उलटून पाहिलं, मागे आणखी काही आहे का.

इतक्या पटकन सांगशील असं वाटलं नव्हतं. म्हणजे मी लिहिलं ते बरोबरच आहे. पण तू कोणाचं कधी ऐकलंस? बाबांनी सांगितलं होतं ड्रायव्हिंग स्कूल काढू नकोस, लोक बाईकडून गाडी शिकत नाहीत. तू दुसऱ्या दिवशी पाटी रंगवायला टाकलीस. आणि माझ्या एका पत्रावर तू डॉक्टरांना नाही म्हणून मोकळी झालीस. मला बरं वाटलं हे कबूल करते. सहा वर्षांत तू मला काही विचारलं नव्हतंस.

कार्डाच्या मागे लिहिलंयस, अंगात ताकद आहे तोवर शिकवणार. शिकव. पण डॉक्टर दुसरं कुठलं औषध देतात का तेवढं विचार. नाव कळव, मी वाचून सांगते.

बाबांचा विषय तू काढला नाहीस, मीच काढते, नाहीतर तो आपल्या दोघींच्या मध्ये असाच बसून राहील. सहा वर्षांपूर्वी ते गेले त्या शनिवार-रविवारी मला खरंच निघता आलं नाही. पेशी अशा टप्प्यावर होत्या की दोन दिवस सोडल्या असत्या तर चार महिन्यांच्या कामावर पाणी पडलं असतं. दोन वर्षं बाबांचं सगळं तू केलंस आणि शेवटच्या दिवशी मी नव्हते. याचं मला वाईट वाटतं. पण माझं काम तसंच आहे.

धाकटी


१७ मार्च

ताई,

घाईत लिहिते आहे. मागच्या वेळचं तुझं शेवटचं सलाईन नक्की कोणत्या महिन्यात झालं? आणि या नव्या गाठी पहिल्यांदा कधी दिसल्या? फाइल बघून तारखा कळव. सहज विचारते आहे, माहिती असावी म्हणून.

इथे सगळा गोंधळ आहे. दाढ काढायला म्हणून मी दोन दिवस रजेवर होते. माझे फ्लास्क मोजमापेंकडे सोपवले होते. मोजमापे म्हणजे आमचे जुने सहकारी, चहातली साखरसुद्धा चमचा सपाट करून घालतात म्हणून हे नाव. औषधाची माझी बाटली संपत आली होती, तर त्यांनी नवी करून घातली. मी परत आले तर निबर पेशींचा एकही फ्लास्क जिवंत नाही. सगळ्या तरंगत होत्या. मी त्यांना सगळ्यांसमोर नको नको ते बोलले. ते नुसतं म्हणाले, "बाई, मी दोनदा मोजलंय." आणि पाण्याचा ग्लास माझ्यापुढे ठेवून निघून गेले.

काहीतरी त्यांच्याच हातून झालं असणार. मी पुन्हा करून बघते आहे. तारखा मात्र कळव.

धाकटी


२४ मार्च

ताई,

काल तीनदा फोन केला, तू तीनदा कापलास. म्हणून हे पोस्टात टाकत नाही. उद्या सकाळच्या बसने येते आणि तुझ्या दारातून आत सरकवते. आधी शेवट सांगते, मग बाकीचं: माझं पहिलं पत्र चूक होतं. आजच्या आज डॉक्टरांना फोन कर आणि तेच औषध सुरू करा म्हणून सांग.

आता काय झालं ते.

हे औषध मिठाच्या पाण्यात विरघळवायचं असतं. पण त्यात ते नीट विरघळत नाही, आणि फ्रिजमध्ये ठेवलं की तळाला पिवळे कण धरतं. दर वेळी नवं करावं लागतं. चौथ्या महिन्यात मला त्याचा कंटाळा आला. आमच्याकडे एक दुसरं द्रावक असतं, डीएमएसओ म्हणतात त्याला. निम्मी औषधं आम्ही त्यातच विरघळवतो. त्यात हे औषध कसं छान विरघळलं! काचेसारखं स्वच्छ. महिनाभर टिकलं. मी स्वतःवरच खूश झाले. कोणाला विचारलं नाही, कुठे वाचलं नाही. सव्वीस वर्षं काम केलेल्या बाईने काय वाचायचं!

ते द्रावक या औषधाला मारतं, ताई. त्यातल्या प्लॅटिनमलाच जाऊन चिकटतं, मग औषध पेशीचं काही वाकडं करू शकत नाही. हे छापलेलं आहे, कितीतरी वर्षांपूर्वीपासून. नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात सांगतात. मला कोणी सांगितलं नाही, कारण मीच सगळ्यांना सांगणारी.

म्हणजे माझ्या पेशी काहीच शिकल्या नव्हत्या. आठ महिने मी त्यांना मेलेलं औषध पाजत होते आणि त्यांच्या चिवटपणाचं कौतुक करत होते. मोजमापेंनी औषध पुस्तकाप्रमाणे मिठाच्या पाण्यात केलं. त्या पेशींना खरं औषध मिळालं आणि त्या मेल्या, पहिल्या दिवशी मेल्या असत्या तशाच. मी आठवडाभर दोन्ही औषधं समोरासमोर लावून पाहिली, तीन वेळा. शंका उरलेली नाही.

आणि हेही लिहिते. सतरा तारखेलाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. तारखा 'सहज' विचारल्या नव्हत्या. मोजमापेंवर ढकलून मी एक आठवडा काढला, कारण खरं निघालं तर तुला सांगावं लागणार होतं. तो आठवडाही माझ्याच खात्यावर मांड.

एक गोष्ट नीट समजून घे. माझी चूक सापडली म्हणून औषध लागू पडेलच असं नाही. खरोखर निबर झालेल्या पेशी असतात. दुसऱ्या लोकांनी त्या नीट तयार केल्यात, पहिल्या पत्रातले ते पंप आणि ती दुरुस्ती खोटी नाही. तुझ्या पोटात तशा किती आहेत ते कोणालाच माहीत नाही. पण तू कळवलेल्या तारखांवरून तुझं शेवटचं सलाईन आणि गाठी परत दिसणं यात दहा महिन्यांच्या वर अंतर आहे. सहा महिन्यांहून जास्त अंतर पडलेल्या बऱ्याच बायकांना तेच औषध पुन्हा लागू पडतं. तुझे डॉक्टर हजारो बायकांवरून बोलत होते. मी एका बाटलीवरून बोलले, तीही चुकीची. ही तारीख तुला मी पाच फेब्रुवारीला विचारायला हवी होती. मी विचारली नाही, कारण तू मला विचारत होतीस आणि मला उत्तर देण्यात फार आनंद होत होता.

बाबांबद्दलही लिहूनच टाकते. त्या शनिवारी मोजमापे म्हणाले होते, "तुम्ही जा, मी बघतो फ्लास्क." मी नाही म्हटलं. बाबांचं तोंड उघडं पडलेलं, छाती वरखाली होणारी, हे मला बघायचं नव्हतं. पेशींचं निमित्त केलं. तू सहा वर्षं त्या पेशींवर चिडलीस, त्यांचा काही दोष नव्हता.

डॉक्टरांना फोन कर. मला शिव्या नंतर दे.

धाकटी


३ एप्रिल

ताई,

काल तुझं पहिलं सलाईन झालं. आज तू झोपून असशील, म्हणून बोलण्याऐवजी लिहिते. तशीही तुझ्यासमोर माझी बोलती बंद होते.

त्या दिवशी पत्र दारातून सरकवलं आणि पळतच बसस्टॉप गाठला. वाटलं होतं, तू वाचेपर्यंत मी गावाबाहेर गेलेली असेन. पंधरा मिनिटांत तुझी गाडी आली, वर शिकाऊची पाटी, स्टिअरिंगवर तुझ्याकडे शिकणाऱ्या त्या साठीच्या काकू. तू काच खाली केलीस आणि म्हणालीस, "बस मागे."

मी बसले. तू वळलीसुद्धा नाहीस. आरशातून बघून विचारलंस, "हे अजून कोणाकोणाला माहीत आहे?"

"तुला."

"तुझ्या मॅडमना?"

"अजून नाही."

"म्हणजे मला सांगून झालं, तिकडे झाकून ठेवणार होतीस?"

"नाही गं. सोमवारी सांगणार होते."

"सोमवार कशाला? फोन आहे ना हातात? तू तिकडे लाव, मी इकडे लावते. आत्ता. माझ्यासमोर."

मग आपण दोघी एकाच गाडीत, तू पुढे, मी मागे, एकाच वेळी दोन फोनवर बोलत होतो. तू डॉक्टरांच्या नर्सला सांगत होतीस, "मी नाही म्हणाले होते, आता हो म्हणते, कधी येऊ?" मी मॅडमना सांगत होते की आठ महिन्यांचं काम फेकून द्यावं लागेल आणि चूक मोजमापेंची नाही, माझी आहे. मॅडमनी मला सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "पाहुण्यांना दाखवले ना मी ते." बिचाऱ्या काकू बंद गाडीचं स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून समोर बघत होत्या. आपलं संपल्यावर हळूच म्हणाल्या, "आता निघू का?" तू म्हणालीस, "आधी आरसा बघा."

तुला हसू आलेलं मी पाहिलं. लगेच तू ते गिळलंस.

मोजमापेंची मी सगळ्यांसमोर माफी मागितली, कारण बोललेही सगळ्यांसमोरच होते. ते म्हणाले, "होतं बाई." मला तीन महिने फ्लास्कना हात लावायचा नाही असं मॅडमनी सांगितलंय. बाटल्या धुते, लेबलं लावते. रविवार मोकळा असतो. काय करायचं असतं रविवारी?

कालचं एक मनातून जात नाही. सहा तास मी तुझ्या शेजारी बसले होते आणि नळीतून ते थेंब पडत होते. सव्वीस वर्षं मी ते औषध हाताळलं. ते माणसाच्या अंगात जाताना कधी पाहिलं नव्हतं. नर्सने बाटली टांगली तेव्हा मी लेबल वाचलं, कशात विरघळवलंय ते. तीनदा वाचलं. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "वाचून झालं असेल तर खाली बस."

परतीच्या वाटेवर गाडी मी चालवली त्याबद्दल क्षमस्व. पण शिकवायच्या गाडीत तुझ्या बाजूलाही ब्रेक असतो म्हणून माणसाने दर चौकात तो दाबायचा म्हणजे काय? अंगात त्राण नाही म्हणत होतीस.

तेवीसला येते.

धाकटी


२ जून

ताई,

काल तपासणीचा निकाल घेऊन निघालो तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेलं मी तुला गाडीत पुन्हा सांगितलं, जरा जोरातच. दोन गाठी निम्म्यावर आल्यात. कॅन्सरचा रक्तातला आकडा सहाशेचाळीसवरून एकशेदहावर आलाय. औषध लागू पडतंय. आणखी तीन सलाइनं द्यायची. तिसरी गाठ जशीच्या तशी आहे. वाढलेली नाही, कमीही झालेली नाही. डॉक्टर म्हणाले, तिच्यावर लक्ष ठेवू.

सिग्नलला गाडी उभी असताना तू विचारलंस, "ती तिसरी माझ्या सात आठवड्यांची आहे का?"

मी म्हणाले, "सिग्नल सुटला."

मग घर येईपर्यंत मी फळांबद्दल, खिडकीच्या तुटलेल्या कडीबद्दल, कशाकशाबद्दल बडबडत राहिले. तू उतरताना दार हळू लावलंस. आपटलं असतंस तर बरं वाटलं असतं.

काल मला 'नाही गं, काहीतरीच काय' असं म्हणता आलं असतं. तू ऐकून घेतलं असतंस, कदाचित तुला ते हवंही होतं. दोन महिने आपलं बरं चाललंय. तू मला परवा तुझ्या ताटातली पोळी अर्धी करून दिलीस, न विचारता. ते मोडायचं माझ्या जिवावर आलं होतं. म्हणून सिग्नलकडे बघितलं. पण अशी तोंड चुकवायची सवय मला आहे हे आता आपल्या दोघींनाही माहीत आहे, आणि या वेळी तू पेशींना दोष देऊ शकत नाहीस.

तर उत्तर असं आहे.

एकाच पोटातल्या तीन गाठी एकसारख्या नसतात. तिसरीतल्या पेशी पहिल्या केमोतच निबर होऊन बसल्या असतील. तसं असेल तर तू बारा फेब्रुवारीला सलाईन घेतलं असतंस तरी आज हेच दिसलं असतं. हे शक्य आहे. पण हेही शक्य आहे की फेब्रुवारीत ती लहान होती, तिच्यात निबर पेशी थोड्याच होत्या, आणि तुझ्या 'नाही'पासून पहिल्या सलाईनपर्यंतच्या त्या सात आठवड्यांत त्यांना वाढायला वेळ मिळाला. तो वेळ मी दिला. यातलं कुठलं खरं, हे आता कुठल्याही तपासणीत कळणार नाही, कुठल्याही फ्लास्कमध्ये दिसणार नाही. तुलाही कळणार नाही आणि मलाही.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर: असू शकेल, ताई. माझ्यामुळे असू शकेल.

तू रागावलीस तर ते बरोबरच आहे. सलाईन मात्र चुकवू नकोस. त्याचा आणि माझा काही संबंध नाही. मी नको असेन तर काकूंना सांगून ठेवलंय, त्या तुला नेतील आणि आणतील. गेल्याच आठवड्यात त्यांना लायसन्स मिळालंय, तूच पेढा खाल्ल्यासारखं तोंड करून सांगत होतीस.

गुरुवारी, सलाईनच्या दिवशी, सकाळी आठला मी तुझ्या फाटकाबाहेर उभी असेन. बेल वाजवणार नाही. तू गाडी काढशील तेव्हा मी दिसेनच. थांबायचं की नाही, ते तू ठरव.

धाकटी